कंपाउंड मंजे गाव

आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीपाशी आले की ते म्हातारे गृहस्थ आधी टकटक करायचे. बोटं दुमडून, हलक्या हाताने, शेजाऱ्याच्या दारावर करावी तशी. मग जरा थांबायचे. भिंत काय बोलणार? मग स्वतःशीच म्हणायचे, "कंपाउंड मंजे गाव. ही नुसती भित हाय." आणि भिंतीतल्या छोट्या गेटातून वाकून पलीकडे निघून जायचे.

हे रोज. सकाळी एकदा आणि दिवस कलताना एकदा. मी दुसऱ्या मजल्यावरच्या मागच्या गॅलरीत कपडे वाळत घालता घालता बघत असे. आधी वाटलं, वयाने बिचाऱ्यांच्या डोक्यावर परिणाम झालाय. ओळख झाल्यावर कळलं, डोकं अगदी शाबूत होतं, एका शब्दापाशी तेवढं अडकून बसलं होतं. तसं कुणाचं डोकं कशापाशी अडकत नाही? तुमच्याही सोसायटीत असेल बघा असा एखादा. लिफ्टमध्ये भेटला की आपण घाईघाईने मजल्यांचे आकडे बघायला लागतो, कारण याने एकदा सुरुवात केली की संपत नाही. आमच्याकडे तसे हे होते. मी मात्र आकडे बघत नसे. मला कोणीतरी बोलायला हवंच होतं.

मुलाने नवी मुंबईत उलव्याला फ्लॅट घेतला म्हणून आम्ही इकडे आलो. मी चाळीत जन्म काढलेली. तिथे दार नुसतं लोटलं तरी शेजारीण विचारायची, बरं नाही का गं? इथे सकाळी मुलगा, सून, नात बाहेर पडले की दार खट्कन लागतं, ते संध्याकाळीच उघडतं. मधल्या वेळात मी, फ्रिजचा आवाज आणि डोक्यावरून जाणारी विमानं. फ्रिज निदान थांबून थांबून बोलतो.

तर एक दिवस माझ्या हातून कपड्याचा चिमटा खाली पडला. हे खालीच उभे. त्यांनी तो उचलला आणि वर बघितलं.

"वयनी, टाकू का वरती?"

"नको हो, राहू द्या. नात आली की पाठवते खाली."

"नात कवा येल नि कवा न्हेल," असं म्हणून त्यांनी नेम धरून चिमटा फेकला. तो पहिल्या मजल्यावरच्या एसीच्या डोक्यावर जाऊन बसला. अजून तिथेच आहे. दोघंही त्याच्याकडे बघत राहिलो आणि तिथून बोलणं सुरू झालं. कुठल्या, कधी आल्या, घरात कोण कोण. मग त्यांनी विचारलं, "मिस्टर काय करायचे?"

मी म्हटलं, "कंपाउंडर होते."

त्यांनी भिंतीकडे या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं. मग पुन्हा माझ्याकडे. "मंजे अशा भिती बांधायचे?"

बाई गं! मी हसले ती अशी हसले की गॅलरीच्या कठड्याला धरावं लागलं. आमचे हे जाऊन इतकी वर्षं झाली, त्यांच्या नावाने डोळ्यात पाणीच यायचं, हसू कधी आलं नव्हतं. मग मी त्यांना समजावलं. आताच्या मुलांनाही समजवावंच लागतं म्हणा. पूर्वी डॉक्टर चिठ्ठी लिहायचे आणि पडद्याआड बसलेला कंपाउंडर ते गुलाबी औषध कालवून बाटलीत भरायचा. बाटलीवर कागदाची दातेरी पट्टी चिकटवायचा, एका दाताएवढं सकाळी, एका दाताएवढं संध्याकाळी. आमच्या ह्यांची पट्टी फार सुरेख कापलेली असायची. सगळी चाळ मला कंपाउंडरीणबाई म्हणायची.

हे ऐकून ते म्हणाले, "इंग्रजांची कमाल हाय. भितीला तोच शब्द, औषदाला पन तोच. गरीब हाय वाटतं त्यांची भाषा."

मी शाळेत सातवीपर्यंत गेलेली. पुढचं सगळं वाण्याच्या पुड्यांच्या कागदांवर आणि वाचनालयाच्या फाटक्या पुस्तकांवर शिकले. त्यामुळे मला सगळ्यातलं थोडं थोडं येतं आणि बोलायला मात्र सगळं येतं. मी लगेच माझं मत सांगून टाकलं. "भाऊ, साधी गोष्ट आहे. आपलं कुंपण. साहेबाच्या जिभेला जमलं नाही, तो कंपाउंड म्हणाला. मग आपण आपलाच शब्द त्याच्याकडून परत घेतला, इस्त्री करून."

त्यांनी मान हलवली. "नाय. कुंपनातून कोंबरी जाते. यो शब्द मलायाचा हाय. मी सोता आनलाय तिकरून."

सोता आणलाय! जसा काही ट्रंकेत घालून.

त्यांचं असं होतं, की ही आम्ही राहतो ती सगळी जमीन त्यांच्या बापाची. खाडीकाठची भाताची खाचरं. पण खाचरात भावंडं फार, म्हणून हे वयात आल्यावर खलाशी होऊन बोटीवर गेले. दोर ओढायचे, डेक धुवायचा, रंग खरवडायचा. कुठल्या कुठल्या बंदरांची नावं घ्यायचे. त्यातल्या मलायातल्या एका बंदरावर गोदीचा एक पहारेकरी होता, त्याची नि यांची दोस्ती झाली. दोघांचं इंग्रजी सारखंच मोडकं, म्हणून दोस्ती पक्की. तो एक दिवस म्हणाला, चल माझ्या 'कंपुंग'ला.

"मना वाटला, कंपाउंडला. मंजे कंपनीचा कायतरी आवार असंल. भित असंल, गेट असंल, पास लागंल. मी पास घेऊन गेलो खिशान. चाललोय, चाललोय. नारलाची झारं, कोंबऱ्या, पोरं, एक म्हतारी मासं साफ करतेय. मी इचारतोय, कंपाउंड व्हेअर? तो बोलतोय, हियर. मी बोलतोय, अरे बाबा, वॉल व्हेअर? तो हात असं पसरून दाखवतोय, हियर, हियर." इथे ते दोन्ही हात पसरून उभे राहायचे. "मंग मना समजला. गाव. त्याचा गाव. त्या म्हतारीनं जेवाला घातला, भात नि माशाचा आंबट कालवन. बोल्लो, बाय, तू आमचीच."

आणि मग साहेबांनी काय केलं, तेही ते सांगायचे. साहेब तिकडे गेला, गाव बघितलं, नाव उचललं. मग त्या नावाने स्वतःचा बंगला बांधला. बंगला, बाग, माळी, घोडा, सगळं मिळून कंपाउंड. मग त्याला भिंत घातली. पुढे आफ्रिकेच्या एका बंदरावर यांना कोणीतरी सांगितलं होतं, की तिकडे खाणीत मजूर कोंडून ठेवायचे त्या जागेलाही कंपाउंड म्हणायचे. आत गेला की काम संपेपर्यंत बाहेर नाही. "आनि आपल्याकरं? आपल्याकरं आतला सगला गेला, नुसती भित ऱ्हायली. आपन बोलतो, कंपाउंड पडला. कंपाउंडावर चढू नको. बघा वयनी, गावाची झाली भित."

नात घरी आल्यावर मी तिला सांगितलं. तिने मोबाइलवर शोधलं आणि म्हणाली, "आजी, मलायातूनच आला असेल असं म्हणतात, पण काही लोक म्हणतात पोर्तुगीज. नक्की माहीत नाही कुणालाच." आणि औषधाचा कंपाउंड वेगळाच, त्याचा याच्याशी काही संबंध नाही, हेही तिनेच सांगितलं. माझ्या कुंपणाचं तर नावच नव्हतं. मी दुसऱ्या दिवशी गॅलरीतून हे सगळं त्यांना कळवलं. ते म्हणाले, "पोर्तुगीजाच्या घरा मी जेवलो नाय. जेवलो तिकरं ठावूक हाय."

मी उरलेले कपडे वाळत घातले.

आता त्यांची एक चूक सांगते, म्हणजे टकटक कशासाठी होती ते कळेल. टॉवर व्हायच्या आधी, जमीन घ्यायला आलेल्या बिल्डरच्या माणसाने यांच्यापुढे नकाशा उलगडला आणि सांगितलं, "काका, आपलं कंपाउंड पार तुमच्या बहिणीच्या घरापर्यंत येणार." तुम्ही-आम्ही काय समजलो असतो? भिंत तिथवर येणार. हे समजले, गाव तिथवर येणार. त्यांना वाटलं, बहीण आत येणार.

ही बहीण म्हणजे थोरली बहीण. सगळं गाव तिला बाय म्हणतं. आई लवकर गेली, तेव्हा यांना तिनेच मोठं केलं. नवरा गेल्यावर ती माहेरच्या जुन्या घरात परत आली आणि तिथेच राहिली. आमच्या गॅलरीतून ते घर दिसतं. पुढे सिमेंटचा ओटा, दारात शेवगा, चार कोंबड्या. हे पळत तिच्याकडे गेले आणि म्हणाले, "बाय, आपन एकाच कंपाउंडान!" तिने त्या दिवशी तांदळाच्या भाकऱ्या आणि खाडीच्या चिखलातल्या निवट्या माशांचं कालवण केलं.

मग पाया खणला. मग विटा चढल्या. शेवग्याच्या अलीकडे, हात लांब केला तर लागेल एवढ्यावर. "मी मुकादमाला बोल्लो, बाबा, तू भित चुकीच्या बाजूला घालतंस. बाय भायेर ऱ्हायली. तो हसला. तो मना बोल्ला, काका, तुमी घरा जा."

त्यांच्या मुलाला मात्र वाईट वाटलं. मुलगा वाईट नाही हो. तोच आमच्या सोसायटीचा चेअरमन, स्वतःचा धंदा आहे, सगळ्यांच्या अडीअडचणीला उभा राहतो. त्याने बांधकामवाल्यांना सांगून त्या भिंतीत एक छोटं लोखंडी गेट ठेवून घेतलं. बाबांसाठी. तेवढ्यावर यांचं चाललं होतं. राहायला वरच्या मजल्यावर मुलाकडे, पण सकाळचा चहा बायच्या ओट्यावर आणि संध्याकाळचं जेवण बायच्या हातचं. वर टॉवरमध्ये ते नुसते झोपायला यायचे म्हटलं तरी चालेल.

मग एक सायकल चोरीला गेली.

तुम्ही सोसायटीत राहत असाल तर पुढचं मी सांगायची गरज नाही. आधी व्हॉट्सअ‍ॅपवर धुरळा. बाहेरचे लोक मागून आत येतात. मुलं सेफ नाहीत. कॅमेरे लावा. मग खाली पार्किंगमध्ये लाल प्लास्टिकच्या खुर्च्या मांडून मीटिंग. मी आयुष्यात पहिल्यांदा मीटिंगला गेले. हे शेवटच्या रांगेत, धुतलेला सदरा घालून. पुढे टेबलाशी त्यांचाच मुलगा.

मागचं गेट बंद करून तिथे भिंत घालावी, असा ठराव एकाने मांडला. हे उठले.

"कंपाउंड मंजे—" एवढंच बोलले आणि पुढच्या रांगेतून कोणीतरी हळूच म्हणालं, "गाव." सगळे हसले. वाईटपणे नाही, पण हसले. हे पुढचं विसरले. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली, आणि मुलाकडे बघून म्हणाले, "माजी बाय तिकरं हाय रे."

मुलाने खाली बघितलं. मग म्हणाला, "बाबा, मी चेअरमन आहे. माझ्या घरच्यांसाठी मागे गेट ठेवलं असं लोक आत्ताच बोलतात. मेन गेटने जाता येतं की. मी सोडत जाईन तुम्हाला गाडीने, रविवारी."

"रविवारी? बाय काय पावनी हाय?"

विरोधात कोण, असं विचारल्यावर मी हात वर केला. आणखी एकदोन हात होते, त्यातला एक पंखा बंद करा म्हणून वर झालेला निघाला. ठराव पास. सायकल नंतर सापडली. मालकाचाच मुलगा ती स्टेशनला लावून विसरला होता. पण सायकल सापडली म्हणून ठराव थोडाच मागे घेतात?

गवंडी आला, गेट काढलं, विटा लावल्या. भिंतीवर दाराएवढा एक नवा चौकोन उमटला, ओल्या सिमेंटचा. हे दिवसभर तिथे खुर्ची टाकून बसले होते. गवंड्याला मध्येच पाणी आणून दिलं. मी वरून विचारलं, "भाऊ, ऊन लागतंय, वर जात नाही?" तर म्हणाले, "काम बगतोय. नीट घालतोय तो. कामाला नावं ठेवाला जागा नाय."

मेन गेटने जायचं म्हणजे काय, ते आता सांगते. पुढच्या बाजूने बाहेर पडायचं, मोठ्या रस्त्याच्या कडेने चालत चौकापर्यंत जायचं, डंपर येतात तो चौक ओलांडायचा आणि गावाच्या कमानीतून आत शिरून पुन्हा तेवढंच मागे यायचं. यांचे गुडघे गेलेले. पहिले काही दिवस काठी घेऊन गेले. मग एकदा चौकात भोवळ आली, कुणीतरी रिक्षात घालून आणून सोडलं. मुलाने हात जोडले, "बाबा, माझ्यासाठी तरी आता जाऊ नका."

तर त्यांनी जाणं सोडलं. आणि मग सुरू झालं ते आमच्या बी विंगने कधी न ऐकलेलं.

दिवस कलला की हे भिंतीच्या अलीकडे येऊन उभे राहायचे, आणि पलीकडे शेवग्याखाली बाय येऊन उभी राहायची. भिंत दीड पुरुष उंच, वर काटेरी तारेचं वेटोळं. एकमेकांना दिसायचं काही नाही. आणि दोघांनाही ऐकू कमी.

"बाय! जेवन काय केलंस?"

"बोंबील!"

"काय?"

"बोंबील रे, बोंबील!"

"आं?"

मग आमच्या वरच्या मजल्यावरचा एखादा चिडून ओरडायचा, "काका, बोंबील!" आणि हे वर बघून अगदी खुशीत म्हणायचे, "थँक्यू."

मी वरून दोघांनाही बघायची. मलाच काय ती दोन्ही माणसं एकदम दिसायची. भिंतीला कान लावून उभे राहिलेले हे, आणि तिकडे पदर खोचून, मान वर करून आभाळाशी बोलावं तशी बोलणारी ती. त्यांच्यामध्ये वीतभर जाडीची भिंत. बोलायचे तरी काय? कोंबडीने अंडी घातली. पाय दुखतो का. तेल लाव. लावलं. आणि मग कधी कधी काहीच नाही. दोघंही गप्प उभे. दुसरा गेला नाही एवढं दोघांना कसं कळायचं, देव जाणे. ऐकू आलं नाही की मला मध्ये घ्यायचे. बाय खालून म्हणायची, "वयनी, त्याला सांग, सुनेनं गोली दिली ती घे." मी कठड्यावरून अलीकडे वाकून सांगायची, "भाऊ, गोळी घ्या म्हणते." त्यांनी उत्तर दिलं की पलीकडे. खरं सांगते, माझी संध्याकाळ त्यावर चालायची. मुलगा विचारायचा, "आई, आज फार खुशीत?" मी म्हणायची, "ड्यूटी करून आले."

तक्रार झालीच. संध्याकाळी मुलांच्या अभ्यासाच्या वेळी आरडाओरडा. चेअरमनच्याच घरचा, त्यामुळे कुजबूज जास्त. एक दिवस मुलगा खाली आला. मी गॅलरीत होते.

"बाबा, फोन घेऊन दिलाय ना? फोनवर बोला."

"फोनवर ती बोलत नाय. सांगते, पैसं जातान."

"पैसे जात नाहीत आता. लोक हसतात हो आपल्याला."

"हसू दे. रडवत तर नाय ना मी कोनाला."

मुलगा वर गेला. जाताना भिंतीतल्या त्या चौकोनाकडे त्याने एकदा बघितलं. ते मी बघितलं.

मग एका संध्याकाळी बाय आली नाही.

यांनी टकटक केली. हाका मारल्या. मग वर बघितलं. "वयनी, दिसते का?"

मी वाकून बघितलं. "दार उघडं आहे भाऊ. कोंबड्या बाहेरच आहेत."

"चुलीचा धूर?"

धूर नव्हता. पण मी म्हटलं, "गॅसवर केलं असेल आज." ते भिंतीपाशीच अंधार पडेपर्यंत थांबले.

दुसऱ्या दिवशी मी सकाळपासून बघत होते. शेजारची एक बाई आत जाताना दिसली, हातात पातेलं. म्हणजे बाय घरातच होती, पण उठत नव्हती. दुपारी हे भिंतीपाशी आले. इतक्या उन्हात कधी येत नसत. मी सगळं सांगितलं, पातेल्याचंही.

"मंग पडलीय ती," ते म्हणाले. "पातेला दुसऱ्याचा घेती नाय ती."

मी म्हटलं, "संध्याकाळी मुलगा आला की गाडीने जा. मी सांगते त्याला."

ते माझ्याकडे बघून हसले. "तिनं मना खांद्यावर घेऊन खाडी पार केलीय, वयनी. मी गाडीची वाट बगू?"

आणि काठी घेऊन निघाले. मला गॅलरी सोडवेना. पुढची बाजू मला दिसत नाही, तो चौकही दिसत नाही. हॉर्न वाजला की मी कठड्यावरून आणखी वाकायची. डाळ शिजायला लावली होती, ती करपली. किती वेळ गेला कोण जाणे. मग शेवग्याच्या पलीकडच्या गल्लीतून पांढरी टोपी येताना दिसली. हळू, भिंतीला हात टेकत टेकत. ओट्याशी पोचले, काठी खाली टाकली आणि आत गेले. मी मोठ्याने म्हटलं, "पोचले गं बाई!" घरात कोणी नव्हतं, कुणाला म्हटलं, कुणास ठाऊक.

बायला तापच होता, दुसरं काही नाही. दोन-तीन दिवसांत ती ओट्यावर येऊन बसली. हे मात्र परत आले नाहीत.

मुलगा त्यांना न्यायला गेला. ओट्यावर बोलणं चाललेलं, मी ऐकत होते. ऐकू नये हे मला कळतं. पण त्या दोघांना ऐकू कमी, म्हणून मुलालाही ओरडावं लागत होतं, माझा काय दोष?

"बाबा, चला आता. घरी तुमची खोली आहे, एसी आहे, सगळं आहे. इथे काय आहे?"

"इथं बाय हाय."

"लोक म्हणतील, पोराने बापाला बाहेर काढलं."

"तू नाय काढलंस. मी सांगन सगल्यांना."

"मग मी काय सांगू विचारलं तर?"

यांनी टोपी नीट केली. मग म्हणाले, "सांग, बाबा कंपाउंडान ऱ्हायला गेलाय."

मुलाला हसू आलं की रडू, ते मला वरून कळलं नाही. तो ओट्यावर बसला. बायने त्याला चहा दिला, तो प्यायला. मग एकटाच परत गेला. दुसऱ्या दिवशी यांची गादी आणि कपड्यांची बॅग त्याने स्वतः गाडीतून नेऊन दिली. आता तोच दर रविवारी तिकडे जेवायला जातो.

मला आनंद झाला. खरंच झाला. पहिले काही दिवस हे ओट्यावरून माझ्याकडे बघून हात हलवायचे आणि ओरडायचे, "वयनी, या जेवाला!" मी एकदा गेलेही, नातीला सुट्टी होती तेव्हा रिक्षाने. बायने जवळून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "अगो, तू एवरीशी हायस? वरून मोठी वाटतेस." पोटभर खाऊ घातलं. पण असं रोज कोण नेणार? मुलगा म्हणतो, आई, तो चौक तू एकटीने ओलांडायचा नाही. बरोबरच म्हणतो. मी ओलांडत नाही.

पुढे पुढे त्यांचं वर बघणं कमी झालं. का बघावं? मी त्यांना लागायची ती बायची खबर द्यायला. आता बाय शेजारीच बसलेली. त्यांना कोणाला हाका मारायच्या नाहीत, कोणाकडून निरोप घ्यायचा नाही. भिंतीपाशी आता कोणी येत नाही. नव्या सिमेंटचा तो चौकोनही पावसाने काळा पडून बाकीच्या भिंतीसारखा झालाय. नव्याने आलेल्यांना तिथे गेट होतं, हे सांगूनही खरं वाटत नाही. बी विंग संध्याकाळी इतकी शांत असते की कुकरच्या शिट्ट्या कुठल्या घरातल्या, ते ओळखू येतं.

काल मुलाचा फोन आला, उशीर होईल, तू जेवून घे. सुनेचंही तसंच. नात क्लासला. मी ताट वाढलं आणि सवयीने गॅलरीत डोकावले. तिकडे ओट्यावर दिवा लावलेला होता. दोघं समोरासमोर जेवायला बसले होते. बायने काहीतरी सांगितलं आणि हे मान मागे टाकून हसले. काय सांगितलं, ते मला ऐकू आलं नाही. आता ती ओरडून बोलत नाही ना.

हाक मारावी असं अगदी ओठावर आलं होतं. मग म्हटलं, जेवत्या माणसाला कशाला उठवायचं.

आत गेले, माझं ताट उचललं, गॅलरीत स्टूल ओढून घेतलं आणि त्यांच्या बरोबरीने जेवायला बसले.